हाडातून दात सरकतो कसा? वाचकांचे प्रश्न आणि दंततज्ज्ञांची उत्तरे

या वेळी आलेली बरीच पत्रे दातांना लावायच्या तारेविषयी आहेत. त्यांपैकी सहा पत्रे निवडून, आवश्यक तेवढी संक्षिप्त करून, त्यांना येथे उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : माझ्या तेरा वर्षांच्या मुलीला गेल्या आठवड्यात तार लावली. दात जबड्याच्या हाडात पक्के रोवलेले असतात, असे आम्ही शाळेत शिकलो. मग एवढ्याशा तारेने ते हाडातून सरकतात कसे? आता ते थोडे हलतात असे ती म्हणते. पुढे कायमचे सैल तर होणार नाहीत ना?
— एक पालक, सातारा

उत्तर : शाळेत शिकवलेल्या त्या वाक्यात एक बारीकशी गोष्ट राहून जाते आणि इथे नेमकी तीच सर्वांत महत्त्वाची आहे. दाताचे मूळ हाडाला थेट चिकटलेले नसते. मूळ आणि हाड यांच्यामध्ये सुमारे ०.२ मिलिमीटर जाडीचा, म्हणजे वहीची दोन पाने एकावर एक ठेवल्यावर होईल तेवढ्या जाडीचा, एक जिवंत थर असतो. शास्त्रीय भाषेत त्याला पेरिओडॉन्टल लिगामेंट म्हणतात. आपण त्याला दंतबंध म्हणू. त्यात कोलॅजनचे असंख्य धागे असतात, ज्यांचे एक टोक मुळावरच्या सिमेंटम नावाच्या थरात आणि दुसरे हाडात गुंतलेले असते, आणि या धाग्यांच्या मधल्या जागेत रक्तवाहिन्या, मज्जातंतू, द्रव आणि नाना प्रकारच्या पेशी दाटीवाटीने नांदत असतात. उपचारासाठी काढलेली उपदाढ हातात घेऊन नीट पाहिली तर मुळाला चिकटलेले ओलसर, गुलाबी, रेशमाच्या सुतासारखे तुकडे दिसतात. तेच दंतबंधाचे अवशेष.

तार दाताला एका बाजूला ढकलते, तेव्हा त्या बाजूचा दंतबंध दाबला जातो आणि विरुद्ध बाजूचा ताणला जातो. दाबलेल्या बाजूला रक्तपुरवठा कमी होतो, पेशींकडून रासायनिक संदेश सुटू लागतात आणि एक-दोन दिवसांत तेथे ऑस्टिओक्लास्ट नावाच्या, हाड विरघळवणाऱ्या मोठ्या पेशी गोळा होतात. ताणलेल्या बाजूला ऑस्टिओब्लास्ट नवे हाड घालू लागतात. पुढचे हाड विरघळते, मागे नवे घातले जाते आणि दात आपल्या खोबणीसकट सरकतो. तार फक्त सूचना देते, काम मुलीचे शरीर करते. हाड विरघळवणाऱ्या पेशींना बोलावणारा मुख्य संदेश रँकल या प्रथिनाचा आणि त्याला लगाम घालणारा ऑस्टिओप्रोटेजेरिन या प्रथिनाचा. या दोघांची ओळख शास्त्राला १९९७-९८च्या सुमारास पटली, म्हणजे त्याआधी जवळजवळ शतकभर आम्ही दात सरकवत होतो ते या संदेशांची नावे माहीत नसतानाच.

शतकभर असे म्हणतो, कारण या विषयाचा पाया स्वीडनच्या कार्ल सँडस्टेट यांनी १९०४-०५मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात घातला. त्यांनी कुत्र्याचे पुढचे दात सुमारे तीन आठवडे तारेने मागे ओढले, मग तो भाग सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, आणि दाबाच्या बाजूला हाड झिजते व ताणाच्या बाजूला वाढते हे प्रथम पुराव्यासह दाखवले. त्यांच्या निरीक्षणातला दुसरा भाग अधिक मोलाचा आहे. तो पुढच्या उत्तरात येईल.

मुलीचे दात थोडे हलतात हे अपेक्षितच आहे. उपचार चालू असताना दंतबंध रुंद होतो, धाग्यांची जुनी गुंतवण सुटते आणि नवी पडते. दातांवरचा ताण थांबल्यानंतर तीन-चार महिन्यांत ही मांडणी पुन्हा घट्ट बसते. मात्र एखादा दात बोटाने सहज पुढे-मागे करता येईल इतका हलत असेल, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता दाखवावा.

प्रश्न : माझे लग्न आठ महिन्यांवर आले आहे. डॉक्टरांनी उपचाराला दीड ते दोन वर्षे सांगितली. दर वेळी तार जास्त आवळली, किंवा महिन्याऐवजी आठवड्याला आवळली, तर निम्म्या वेळेत होणार नाही का? दात लवकर सरकवणारी उपकरणेही मिळतात असे ऐकले.
— वाचक, पुणे

उत्तर : आपली घाई मी समजू शकतो, पण आपण सुचवलेल्या मार्गाने उपचार लांबण्याचीच शक्यता जास्त आहे. सँडस्टेट यांना सूक्ष्मदर्शकाखाली असे दिसले होते की जोर जास्त असला की दाबलेल्या बाजूचा दंतबंध मरतो. तेथील रक्तवाहिन्या पूर्णपणे मिटतात, पेशी नाहीशा होतात आणि तो पट्टा काचेसारखा एकसंध, निर्जीव दिसू लागतो. असा छेद, म्हणजे पातळ काप, मी विद्यार्थ्यांना दर वर्षी दाखवतो. आजूबाजूला पेशींच्या केंद्रांचे निळे-जांभळे ठिपके विखुरलेले असतात आणि मधोमध हा फिकट गुलाबी, रिकामा डाग. जिथे पेशीच नाहीत तिथे हाड विरघळवणार कोण? मग ऑस्टिओक्लास्ट पेशींना हाडाच्या आतल्या बाजूने, मागच्या दाराने, पोखरत यावे लागते. त्यात एक-दोन आठवडे, कधी त्याहूनही जास्त काळ जातो आणि तोवर दात जागचा हलत नाही. दर आठवड्याला तार आवळली तर जखम भरण्याआधीच पुन्हा जखम होईल. चार ते सहा आठवड्यांचे अंतर ठेवण्यामागचे खरे कारण हे आहे. रुग्णांची गर्दी किंवा डॉक्टरांची सोय हे नव्हे.

१९३२मध्ये ए. एम. श्वार्झ यांनी यासाठी एक मापही सुचवले : मुळाच्या दर चौरस सेंटिमीटरवर २० ते २६ ग्रॅम, म्हणजे केशवाहिन्यांतील रक्तदाबाहून अधिक नाही इतकाच जोर. प्रत्यक्षात दंतबंधावरचा दाब सगळीकडे सारखा नसल्याने हे माप आज जसेच्या तसे कोणी वापरत नाही, परंतु त्यामागचा विचार टिकला आहे. एकमुळी दात नुसता कलता करायला ३५ ते ६० ग्रॅम पुरतात, म्हणजे साधारण एका अंड्याच्या वजनाइतका जोर, आणि दात हाडात खाली दाबायचा असेल तर १० ते २० ग्रॅम. याउलट जेवताना आपण त्याच दातावर कित्येक किलोंचा दाब देतो आणि तरी तो सरकत नाही, कारण घास चावताना तो दाब सेकंदभरही टिकत नाही आणि दंतबंधातला द्रव तेवढा धक्का झेलतो. हाडाच्या पेशींना जाग येण्यासाठी हलका जोर दिवसातून काही तास सलग राहावा लागतो. म्हणूनच अलायनर (दातांवर चढवायचे पारदर्शक साचे) किंवा रबर 'जमेल तेव्हा' लावून चालत नाही.

हलका जोर सलग राहावा म्हणून साधनेही बदलत गेली. सुरुवातीला आपल्याला लावतील ती मऊ, कितीही वाकवली तरी मूळ आकारावर येणारी निकेल-टायटॅनियमची तार अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेत वेगळ्याच कामासाठी निघालेल्या मिश्रधातूची आहे. १९७०च्या दशकाच्या आरंभी आयोवा विद्यापीठाच्या जॉर्ज आंद्रेसन यांनी ती दातांसाठी वापरात आणली. ती फार वाकली तरी तिचा जोर फारसा वाढत नाही, यातच तिचे मोल आहे.

जास्त जोराचा दुसरा धोका मुळाला आहे. सिडनी विद्यापीठातील संशोधकांनी, उपचारासाठी तशाही काढायच्या असलेल्या उपदाढांवर चार आठवडे काहींना २५ ग्रॅम आणि काहींना २२५ ग्रॅम जोर लावला आणि मग त्या काढून सूक्ष्म सीटी स्कॅनने मुळांवरचे खड्डे मोजले. जास्त जोराच्या दातांवर खड्डे स्पष्टपणे जास्त होते. हाड झिजले तर पुन्हा भरते, तसेच सिमेंटममधले उथळ खड्डेही बहुतेक भरतात, पण मुळाचे टोकच झिजून गेले तर ते परत येत नाही.

कंपन देणारी उपकरणे आणि हाडाला बारीक छिद्रे पाडण्याचे उपाय यांविषयी सांगायचे तर, कंपनाच्या उपकरणांवर झालेल्या चांगल्या तुलनात्मक चाचण्यांत तार लावलेल्या रुग्णांचा वेळ वाचल्याचे दिसलेले नाही. छिद्रांचा परिणाम झाला तरी थोडा आणि थोडे दिवस टिकणारा. त्यावर पैसे खर्च करू नका असे मी स्पष्टपणे सांगेन. दात महिन्याला साधारण १ मिलिमीटर सरकतो, हा हिशेब आपल्या शरीराचा आहे. आपल्यापुढे दोन रास्त मार्ग आहेत : पुढचे दात आधी सरळ करून घेऊन लग्नात तार तशीच ठेवणे, किंवा लग्नानंतर उपचार सुरू करणे. फोटोसाठी समोरची तार काही दिवस काढून ठेवता येते; डॉक्टरांना मोकळेपणाने विचारा.

प्रश्न : तार आवळल्यावर दोन दिवस जेवता येत नाही. वेदनाशामक गोळी घेतली तर दात सरकायचे थांबतात, हे खरे का?
— विद्यार्थी, कोल्हापूर

उत्तर : त्यात तथ्य आहे. दुखणे काही तासांनी सुरू होते, साधारण २४ तासांनी सर्वाधिक असते आणि आठवड्याभरात बहुतेक ओसरते. हाड झिजवण्याच्या कामात प्रोस्टाग्लँडिन हे द्रव्य भाग घेते आणि आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्या तेच कमी करतात. प्राण्यांवरच्या प्रयोगांत अशा गोळ्यांनी दात सरकण्याचा वेग मंदावलेला दिसतो, पॅरासिटामॉलने तसा मंदावत नाही. म्हणून लागलीच तर पॅरासिटामॉल घ्यावी आणि दोन दिवस मऊ भात, खिचडी, पेज असे खावे. एखाद्या वेळी दुसरी गोळी घेतली गेली म्हणून काही बिघडत नाही. संधिवातासाठी ती रोज चालू असेल तर मात्र डॉक्टरांना आधीच सांगावे.

प्रश्न : मुलाच्या चार उपदाढा काढायच्या आहेत. महाविद्यालयातील डॉक्टरांनी त्या संशोधनासाठी वापरण्याच्या संमतीपत्रावर सही मागितली. काढलेल्या दाताचे संशोधन ते काय करणार? शिवाय धाकटीचे दुधाचे दात 'स्टेम सेल बँकेत' ठेवावेत का?
— एक आई, ठाणे

उत्तर : संमतीपत्र मराठीत समजावून मागा. दात उपचारासाठीच काढले जात आहेत ना, संशोधनासाठी नव्हे ना, आणि मुलाचे नाव कोठे येणार नाही ना, एवढे विचारा. उत्तरे समाधानकारक असतील तर सही करायला माझी तरी हरकत नाही. उलट मी ती करावी असेच म्हणेन. तरुण, निरोगी, न किडलेला मानवी दात संशोधकाला दुसऱ्या कोणत्या मार्गाने मिळत नाही. सिडनीचे जे काम वर सांगितले, ते अशाच मुलांच्या उपदाढांमुळे झाले.

अशा दाताचा लगदा (आतला मऊ भाग) आणि मुळावरचा दंतबंध खरवडून त्यांतील पेशी वाढवता येतात. २००० साली अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेत स्टॅन ग्रॉन्थॉस, सॉन्गताओ शी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अक्कलदाढांच्या लगद्यात मूलपेशी (स्टेम सेल) असल्याचे दाखवले. २००३मध्ये त्या दुधाच्या दातांत सापडल्या आणि २००४मध्ये दंतबंधात. दंतबंधातल्या या पेशी उंदरांच्या शरीरात घातल्यावर सिमेंटमसारखा थर आणि त्यात गुंतलेले धागे तयार झाले. हे मला फार आशादायक वाटते, कारण पायरियाने एकदा गेलेला दंतबंध पुरेपूर परत आणणे आजही आम्हाला जमत नाही. सर्व संशोधनासाठी दात काढावाच लागतो असेही नाही. हिरडी आणि दात यांच्या फटीत कागदाची बारीक पट्टी अर्धा मिनिट धरली की तिथला द्रव टिपला जातो, आणि त्यातील रँकलसारख्या द्रव्यांवरून आत हाडाचे काय चालले आहे याचा अंदाज बांधता येतो.

बँकेविषयी माझे मत निःसंदिग्ध आहे : ठेवू नका. दातातील मूलपेशी साठवून पुढे आजार बरे होतात याला आज वैद्यकीय आधार नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांच्या २०१७च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये नाळेतील रक्त वगळता इतर जैविक सामग्रीच्या व्यापारी साठवणुकीला मान्यता दिलेली नाही, आणि त्यात दातांचाही उल्लेख आहे. प्रयोगशाळेत पेशी सापडणे आणि दवाखान्यात उपचार मिळणे या दोन टप्प्यांमधले अंतर विकणारे लोक पालकांच्या मायेवर धंदा करतात, याचे मला वाईट वाटते.

प्रश्न : माझी मुलगी वसतिगृहात राहते. तिने व्हिडिओ पाहून वरच्या दोन पटाशीच्या दातांमधली फट बुजवण्यासाठी केसांचे बारीक रबर दातांभोवती लावले. दहा दिवसांत फट मिटली. ती खूश आहे, पण आता रबर सापडत नाही. झोपेत गिळले असावे असे तिला वाटते. काळजी करावी का?
— एक पालक, सोलापूर

उत्तर : हे पत्र हाती पडताच आम्ही आपल्याला स्वतंत्रपणे कळवले आहे, इतर पालकांसाठी ते येथे छापत आहोत. काळजी करावी, आणि त्याच दिवशी दंततज्ज्ञांकडे जावे.

पटाशीच्या दाताचे मूळ गाजरासारखे टोकाकडे निमुळते होत जाते. भोवती लावलेले रबर आकसताना अरुंद भागाकडेच सरकणार, म्हणजे हिरडीखाली शिरणार, आणि तिथून मुळावर वर-वर चढत जाणार. चढताना ते दंतबंधाचे धागे एकेक करून तोडते. पहिल्या उत्तरात सांगितलेला जो थर दात सरकवतो आणि धरूनही ठेवतो, तोच नष्ट होतो. बाहेरून फट मिटलेली दिसते, पुढे हिरडी सुजते, दात लांब झाल्यासारखे वाटतात आणि मग हलू लागतात. पूर्वी हिमोफिलियाच्या, म्हणजे रक्त नीट न गोठण्याच्या आजाराच्या, रुग्णांचे दात रक्तस्राव न होता सोडवण्यासाठी दंतवैद्य मुद्दाम असेच रबर लावत. जी युक्ती दात पाडण्यासाठी वापरली जात होती, तीच आज दात सुंदर करण्यासाठी दाखवली जात आहे.

साधे रबर एक्स-रेमध्ये दिसत नाही. त्यामुळे 'मी रबर लावले होते' हे मुलीने स्वतःहून सांगितले नाही तर डॉक्टर हिरडीचा आजार समजून वेगळ्याच वाटेने जाऊ शकतात. माझ्याकडे असा एक मुलगा आला होता. तीन महिने त्याला हिरडीची औषधे मिळत होती. हिरडी उघडल्यावर मुळाच्या जवळजवळ टोकाशी विटक्या पिवळ्या रंगाचे रबर निघाले. त्याचा एक दात वाचला, दुसरा वाचला नाही. तो घाबरून बोलला नव्हता. मुलीला रागावू नका, तिच्याबरोबर आत जा आणि सगळे तिला सांगू द्या. रबर लवकर निघाले आणि दात काही आठवडे शेजारच्या दातांना बांधून ठेवले, तर ते वाचण्याची चांगली आशा असते. फट बुजवायची असेल तर दातांवर ब्रॅकेट (तार अडकवायचे छोटे तुकडे) चिकटवून ते काही महिन्यांत सुरक्षितपणे होते, कारण तेथे रबर ब्रॅकेटला अडकवलेले असते आणि हिरडीकडे जाऊ शकत नाही.

प्रश्न : माझे वय ५४. बरीच वर्षे मिश्री लावत होते, चार वर्षांपूर्वी सोडली. आता वरचे पुढचे दात बाहेर येऊन त्यांच्यात फटी पडल्या आहेत. हाडे ठिसूळ म्हणून आठवड्याची एक गोळीही चालू आहे. या वयात तार लागते का? आणि माझ्या सुनेने लग्नाआधी तार लावली होती, तिचे दात पुन्हा वाकडे होत आहेत, असे का?
— वाचक, बीड

उत्तर : मिश्री सोडलीत, याबद्दल मनापासून अभिनंदन. वय आड येत नाही. दंतबंध जिवंत आहे तोवर दात सरकतो. प्रौढांमध्ये सुरुवात थोडी संथ होते, एवढेच. अडचण वेगळी आहे. आपले दात बहुधा हिरड्यांच्या आजाराने आधाराचे हाड कमी झाल्यामुळे पसरले आहेत. हिरडीत सूज आणि पू असताना तार लावली तर उरलेले हाडही झपाट्याने जाईल. म्हणून आधी हिरड्यांचे पूर्ण उपचार, काही महिने रक्त न येता गेले की मग तार, आणि तीही नेहमीपेक्षा हलक्या जोराची, कारण मुळाचा थोडाच भाग हाडात उरला आहे.

आठवड्याची गोळी बहुधा बिस्फॉस्फोनेट गटातील असेल. ही औषधे ऑस्टिओक्लास्ट पेशींनाच आवरतात आणि हाडात वर्षानुवर्षे राहतात. त्यामुळे दात फार हळू सरकतात, आणि दात काढावा लागल्यास जखम न भरण्याचा, जबड्याचे हाड उघडे पडण्याचा धोका थोडा वाढतो. गोळी मनाने बंद करू नका. तिचे पाकीट घेऊन दंततज्ज्ञांकडे जा, आणि ती सुरू करणाऱ्या डॉक्टरांशी त्यांना बोलू द्या. दात न काढता, फक्त पुढचे दात थोडे मागे घेऊन फटी कमी करण्याइतके मर्यादित उद्दिष्ट ठेवले, तर आपल्यासारख्या रुग्णांना चांगला फरक पडलेला मी पाहिला आहे.

सुनेच्या दातांचे कारण हाडात कमी आणि हिरडीत जास्त आहे. हाड आणि दंतबंध काही महिन्यांत नवी मांडणी स्वीकारतात, पण हाडाच्या वर, दातांच्या मानेभोवती हिरडीत जे धागे असतात ते हट्टी असतात. नॉर्वेच्या कोरे राइटान यांनी कुत्र्यांचे दात गोल फिरवून ते जागच्या जागी धरून ठेवले. २३२ दिवसांनंतरही हे वरचे धागे ताणलेलेच सापडले. म्हणून तार काढल्यावर पहिले तीन-चार महिने रिटेनर (दात नव्या जागी धरून ठेवणारे उपकरण) जेवण सोडून सदैव, वर्षभर नियमाने आणि नंतर रात्री घालायचा असतो. सुनेचा रिटेनर घरात असेल तर तिने तो घालून पाहावा. घट्ट का होईना, पण बसत असला, तर रोज रात्री घालायला सुरुवात करावी. बसतच नसेल तर जोर लावून बसवू नये. तो तसाच डबीत घालून तिच्या डॉक्टरांकडे न्यावा, म्हणजे दात किती आणि कोणत्या दिशेने फिरले हे त्यांना त्यावरूनच कळेल.